बंब आणि साउना

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'परदेशातील माझे अनुभव'. एवढ्या मोठ्या विषयाला पुरतील इतके अनुभव माझ्याकडे नाहीत. अठरा वर्षं फिनलंडमध्ये काढली, तीही तांपेरे नावाच्या एकाच गावात. म्हणून मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. आंघोळीबद्दल. हसू नका. काल रात्री जेवताना तुमच्यापैकी निदान चौघांनी मला विचारलं, "अरे, तिकडं त्या बर्फात तुम्ही आंघोळ तरी करता का?" त्याचं उत्तर आज सगळ्यांसमोर देतो.

तिथल्या आंघोळीला साउना म्हणतात. आपण इंग्रजी वळणाने 'सॉना' म्हणतो. तिथली माणसं तो उच्चार ऐकून घेतात, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. लाकडाची एक छोटी खोली, तिच्यात एक भट्टी, भट्टीवर दगडांचा ढीग, आणि भिंतीलगत जिन्यासारखी चढत गेलेली लाकडी बाकं. इतकंच. युनेस्कोच्या नोंदीप्रमाणे ५५ लाख वस्तीच्या त्या देशात ३३ लाख साउना आहेत. फ्लॅटमध्ये असते, ती विजेवर चालते. जुन्या इमारतींत तळघरात सगळ्यांची मिळून एक असते आणि प्रत्येक कुटुंबाला आठवड्यातला एक तास ठरवून दिलेला असतो. त्यांच्या संसदेच्या इमारतीतसुद्धा आहे. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने साउनाची परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्याच यादीत २०१७ साली आपला कुंभमेळा गेला होता. म्हणजे त्या यादीत आंघोळीचा मान आपल्याला आधी मिळालेला आहे, एवढं समाधान बाळगायला हरकत नाही.

मी तिथं गेलो २००६ च्या ऑगस्टमध्ये. पहिल्या जानेवारीत ऑफिसचं आमंत्रण आलं : शनिवारी तळ्याकाठच्या लाकडी घरात साउनाची संध्याकाळ, येताना टॉवेल आणावा. मी बायकोला म्हटलं, ऑफिसच्या कार्यक्रमाला टॉवेल कशाला? तिनं कुठंतरी वाचून काढलं आणि म्हणाली, "तुम्ही जाऊ नका."

कारण तुम्हाला कळलं असेलच. साउनात अंगावर काही नसतं. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. घरची माणसं असतील तर सगळी एकत्र. बसायला खाली पंचासारखं फडकं घ्यायचं, बाकी काही नाही. आपण हॉस्टेलच्या हौदावर चड्डी घालून आंघोळ केलेली माणसं. मी गेलो ते चड्डी घालूनच, आणि त्या दिवशी तिथं वेगळा दिसणारा माणूस मी एकटाच होतो. दहा मिनिटांनी लाज वाटायला लागली ती चड्डीची.

पण त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजले होते आणि तिथल्या जानेवारीत पाच म्हणजे काळोख. उणे सोळा-सतरा तपमान. पायाखाली बर्फ करकर वाजत होता. साउनाच्या दाराशी कानटोपी घातलेला एक माणूस लाकडाचा भारा घेऊन उभा होता, गालाला काजळी. मी त्याला रखवालदार समजलो आणि माझी पिशवी त्याच्या हातात दिली. त्याने घेतली, नीट खुंटीला अडकवली. आत उजेडात गेल्यावर कळलं, तो आमच्या विभागाचा मुख्य. शंभरावर माणसं त्याच्या हाताखाली. दुपारी तीनलाच येऊन, लाकडं फोडून, त्याने आमच्यासाठी भट्टी पेटवली होती. तिथं रीत अशी की जो बोलावतो तो साउना तापवतो. पैसे देऊन माणूस ठेवला तर कोणी काही म्हणणार नाही, पण मग तुम्ही पाहुण्यांना बोलावलं असं कोणाला वाटत नाही.

ती पिशवी मला आजही आठवते. का, ते पुढे सांगतो.

आता आत काय होतं ते सांगतो, आणि इथं विज्ञानाच्या सरांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. साउनातली हवा ८० ते १०० अंशांपर्यंत तापलेली असते. १०० अंशाचं पाणी अंगावर पडलं तर दवाखाना. मग १०० अंशाच्या हवेत माणूस बसतो कसा? हवा कोरडी असते, तिच्यात उष्णता धरून ठेवण्याची ताकद कमी, आणि अंगाला सुटलेला घाम वाळताना कातडी गार ठेवतो. मग कोणीतरी लाकडी बादलीतून पळीभर पाणी दगडांवर टाकतो. स्स्स असा आवाज होतो, दिसत काही नाही, आणि क्षणभराने पाठीवर, खांद्यांवर, कानांच्या पाळ्यांवर उष्णतेची एक लाट येऊन बसते. तपमापकावरचा आकडा तेवढाच असतो, तरी सगळे डोकी खाली घालतात. सर, तो अप्रकट उष्मा! एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना ५४० कॅलरी. तुम्ही फळ्यावर लिहिलेलं आम्ही पाठ केलं होतं, अंगावर घेतलं ते मी तेहतिसाव्या वर्षी.

त्या वाफेच्या लाटेला त्यांच्या भाषेत 'लोय्ल्यू' म्हणतात. फार जुना शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ श्वास, प्राण. हंगेरियन भाषेत याच कुळातला शब्द आत्म्यासाठी वापरतात. मी भाषातज्ज्ञ नाही, पण दगडावर पाणी टाकल्यावर जे उठतं त्याला वाफ म्हणण्यापेक्षा प्राण म्हणणं जास्त बरोबर आहे, हे तिथं बसल्यावर पटतं.

आणि आत कोणी बोलत नाही. म्हणजे बोललं तर चालतं, पण हळू. देवळात वागावं तसं साउनात वागावं, असं तिथल्या मुलांना लहानपणापासून सांगतात. किती वेळ बसलो, किती तापमान सोसलं याची बढाई तिथं शोभत नाही. मध्ये काही वर्षं त्याच्याही जागतिक स्पर्धा भरवायचे; २०१० साली एका स्पर्धकाचा मृत्यू झाला आणि त्या कायमच्या बंद झाल्या. मला भेटलेल्या बहुतेक फिनिश माणसांचं मत, ती स्पर्धा होती, साउना नव्हती.

दुसरा धडाही सरांचाच. नॅसियार्वी तळ्यावर फूटभर जाड बर्फ होता आणि त्याला चौकोनी भोक पाडून शिडी सोडली होती. भट्टीतून बाहेर यायचं, अंगातून वाफा निघत असतात, आणि बर्फावरून चालत जाऊन त्या भोकात उतरायचं. पायांत लोकरीचे मोजे, कारण ओला पाय बर्फाला चिकटतो. शिडीवर पाय ठेवला तेव्हा मला आपल्या वर्गातला प्रश्न आठवला : तळी गोठली तरी मासे का जगतात? पाण्याचे असंगत आचरण, होपचे उपकरण, चार अंशांना पाणी सर्वांत जड. तळाशी चार अंश असेल सर, वर शून्याच्या जवळ आहे. मी गळ्यापर्यंत उतरलो, एक श्वास घेतला, तो बाहेर सोडता येईना, आणि वर आलो. एकूण वेळ दहा सेकंद असेल. वर आल्यावर उणे सतरात उघडा उभा होतो आणि थंडी वाजत नव्हती. केस मात्र काड्यांसारखे ताठ झाले होते. आभाळ एवढं स्वच्छ मी आपल्या गावच्या डोंगरावरूनही पाहिलं नव्हतं.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. पुढच्या आठवड्यात ती मला न विचारता शेजारणींबरोबर जाऊन आली.

आता त्या पिशवीबद्दल.

आपल्यातले जे हॉस्टेलला होते त्यांना पहाटेचा बंब आठवत असेल. तांब्याचा, पुरुषभर उंच वाटायचा, प्रत्यक्षात कमरेच्या थोडा वर. मधल्या नळीत जाळ, खाली राखेची जाळी, वरून बादलीभर गार पाणी ओतलं की तोटीतून बादलीभर कढत पाणी. एकाला एक बादली. चार वाजता उठून तो बंब पेटवणारे बंबवाले मामा. ते माझे वडील. हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं, कोणी कधी मला त्यावरून बोललं नाही, आणि तरी मला लाज वाटायची. ती कोणी शिकवावी लागत नाही.

आठवीत आपल्या वर्गात एक मुलगा नवीन आला, वडिलांची बदली झाली म्हणून. त्याचं नाव सांगत नाही, तो आज इथं बसलाय आणि त्याला यातलं काही आठवत नसणार. दिवाळीनंतरची पहाट होती, मी अभ्यासाला हॉस्टेलवर आलो होतो. त्याने सहज विचारलं, "हा बंबवाला तुझा कोण रे?" मी म्हणालो, "कोणी नाही. ओळखीचे आहेत." अण्णा बंबाच्या मागे वाकून फुंकणीने जाळ फुलवत होते. ते उठले. डोळे लाल होते, ते रोजच असायचे. मला म्हणाले, "वाजलं किती?" मी सांगितलं. बस्स, एवढंच. आयुष्यात पुन्हा त्याचा विषय निघाला नाही, त्यांनी काढला नाही आणि मी तर नाहीच नाही.

माझ्या मुलीचा जन्म डिसेंबर २००९ चा. बाळंतपणासाठी आई-अण्णा तांपेरेला आले. तोवर आम्ही गावाबाहेर छोट्या घरात राहायला गेलो होतो. आईला घरात कामच काम, अण्णांना काहीच नाही. बाहेर गुडघाभर बर्फ, दुपारी साडेतीनला अंधार. अण्णा खिडकीशी खुर्ची घेऊन बसायचे. शेजारी एक आजोबा एकटेच राहत, महायुद्धानंतर बांधलेलं लाकडी घर, अंगणात वेगळी साउना. त्यांचं नाव सांगितलं तरी तुम्हाला उच्चारता यायचं नाही. दर शनिवारी दुपारी त्या साउनाच्या धुरांड्यातून धूर निघायचा.

दुसऱ्या का तिसऱ्या शनिवारी अण्णा मला म्हणाले, "त्यांची लाकडं ओली हायत. धूर बघ किती पांढरा." आणि मी चहा घेऊन येईपर्यंत माझे बूट आणि माझाच कोट घालून ते बाहेर पडलेले. मी मागे धावलो. पाहतो तर दोघं म्हातारे लाकडाच्या रचलेल्या ढिगासमोर उभे. भाषा एकमेकांची एक अक्षर येत नाही. अण्णा एकेक लाकूड उचलून दुसऱ्यावर वाजवून बघत होते. वाळलेलं खणखणीत वाजतं, ओलं बदबद. आजोबांनी मान डोलावली आणि ढिगाच्या दुसऱ्या बाजूचं छप्पर दाखवलं. तिकडची कोरडी होती. बर्फ वाऱ्याने आत शिरून पुढची भिजली होती, आणि म्हाताऱ्याला मागची काढायला आता जड जात होतं. हे दोन मिनिटांत दोघांना कळलं. मला मराठी आणि इंग्रजी आणि थोडं फिनिश येत असून शेजारी तीन वर्षं राहून कळलं नव्हतं.

पेटवायला आजोबांनी बर्चची साल दिली. कागदासारखी पापुद्र्यांची पांढरी साल. तेलकट असते, ओली असली तरी भुरकन पेटते. आपल्याकडे ज्याच्या सालीवर पोथ्या लिहायचे तो भूर्ज याच कुळातला; बर्च आणि भूर्ज हे शब्दही मुळात एकच. मी हे अण्णांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, "बंबाला असती तर फुंकणी लागली नसती."

मग त्या शनिवारपासून मार्चपर्यंत ती भट्टी अण्णांनी पेटवली. आजोबा बाजूला ओंडक्यावर बसून बघायचे. लाकूड कसं उभं-आडवं लावायचं, हवा किती सोडायची, जाळ संपून निखारे झाले की मगच माणसाने आत जायचं, यात दोघांचं एकमत. एकदाच वाद झाला. अण्णांनी सवयीने शेवटी एक लाकूड जास्त घातलं, मागून येणाऱ्या मुलासाठी घालायचे तसं. आजोबांनी चिमट्याने ते बाहेर काढून बर्फात फेकलं. अण्णा घरी येऊन दोन तास फुगून बसले होते.

आत जायला अण्णा प्रथम तयार नव्हते. ६८ वय, रक्तदाबाची गोळी चालू. आजोबांनी सगळ्यात खालचं बाक दाखवलं. गरम हवा वर चढते, खाली बरंच सौम्य असतं. अण्णा लंगोट लावून बसले आणि आजोबांनी त्यावर काही म्हटलं नाही. बादलीत बर्चच्या पानांची एक जुडी भिजत होती. तिला तांपेरेकडे 'विहता' म्हणतात, पूर्वेकडे 'वास्ता', आणि कोणता शब्द खरा यावर ते हिरिरीने भांडतात. उन्हाळ्यात हिरव्या फांद्या बांधून ठेवतात, हल्ली फ्रीझरमध्ये, आणि थंडीत कोमट पाण्यात भिजवून तिने अंगाला हलके फटके मारतात. बाहेर बर्फ आणि खोलीभर ओल्या पानांचा, आषाढासारखा वास. अण्णा म्हणाले, "उटणं निराळं, बाकी नरकचतुर्दशीच की." त्यांच्याकडेही सणाची आंघोळ असते. नाताळच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या जेवणाआधी सगळं घर साउना घेतं, स्मशानात जाऊन आपल्या माणसांसाठी दिवे लावून येतं. जुन्या घरांत शेवटची ऊब साउनाच्या राखणदारासाठी ठेवून सगळे बाहेर पडायचे. अण्णांना हे सांगितल्यावर ते दर वेळी निघताना दार लावण्यापूर्वी हात जोडायला लागले.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आजोबा गार व्हायला बाहेर बर्फात जाऊन बसले होते. आत मी आणि अण्णा. एक लहान खिडकी, तिच्यातून बर्फाचा निळसर उजेड, बाकी अंधार. त्या अंधारात माणसाचा चेहरा दिसत नाही, आणि समोरून उत्तर आलं नाही तरी चालतं. मी म्हणालो, "अण्णा, आठवीत असताना, बंबापाशी, त्या पोराने विचारलं तेव्हा मी काय बोललो ते तुम्ही ऐकलं होतंत?"

निखारे तडतडत होते. अण्णांनी पळी उचलली, अर्धीच पळी पाणी दगडांवर टाकलं. वाफ आली, गेली.

मग म्हणाले, "पाठ कर इकडं."

मी पाठ केली. त्यांनी माझी पाठ घासली. हाताच्या तळव्याने, मानेपासून कमरेपर्यंत, लहानपणी दिवाळीला घासायचे तशी, दुखेल इतकी. मी छत्तिशीचा होतो. आजोबा बराच वेळ आत आले नाहीत. त्या माणसाला मराठी येत नव्हतं, पण दारापाशी आलेल्या पावलांचा आवाज परत गेलेला मी ऐकला.

अण्णा मार्चमध्ये परत आले. नंतर फोनवर पहिला प्रश्न, "आजोबांची लाकडं आत घेतलीस का?" पुढची सहा वर्षं ते काम माझं होतं.

अण्णा गेले २०१६ च्या जानेवारीत. निरोप आला तेव्हा तिथं दुपार होती, उणे पंचवीसच्या खाली तपमान. विमान दुसऱ्या सकाळचं, म्हणजे मी पोचायच्या आत सगळं उरकणार होतं. आजोबांना मी पायऱ्यांवर उभा राहून सांगितलं. ते काही बोलले नाहीत. तासाभराने त्यांच्या साउनाच्या धुरांड्यातून धूर दिसला. वार शनिवार नव्हता. पूर्वी तिकडे बायकांची बाळंतपणं साउनात व्हायची आणि मेलेल्या माणसाला शेवटची आंघोळही तिथंच घालायचे, हे मला वाचून माहीत होतं. आपल्याकडे दूरच्या गावी निरोप कळला की माणूस आंघोळ करतो. मी ती तिथं केली. खालच्या बाकावर कोणी बसलं नाही.

मित्रहो, वेळ संपत आल्याची चिठ्ठी माझ्यासमोर आली आहे. आता एकच मागणं. काल संध्याकाळी आपण सगळे जुन्या हॉस्टेलात फिरून आलो. ती इमारत पाडायची आहे, ते बरोबरच आहे, भिंती राहिलेल्या नाहीत. मागच्या पडवीत बंब पडलेला आहे. एका बाजूला चेपलाय, तोटी गेली आहे, पण आतली जाळी शाबूत आहे, मी हात घालून पाहिली. लोखंड, पत्रे, दारं-खिडक्या यांबरोबर तो मोडीत जाणार असं यादीत लिहिलेलं मी वाचलं. तेवढा तो यादीतून काढा. तांब्याचा आजचा जो भाव असेल तो लावा, काट्यावर वजन करा, पैसे मी जेवणाच्या सुट्टीत भरतो. नव्या हॉस्टेलला सौर यंत्रं बसली आहेत, तिथं त्याचा उपयोग नाही, हे मला कळतं. मला तो दुरुस्त करून दारात ठेवायचा आहे आणि दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला पेटवायचा आहे. तुमच्यापैकी जो येईल त्याला एक बादली.

पावती मात्र माझ्या नावाने फाडू नका. अण्णांच्या नावाने फाडा. हजेरीपटात त्यांचं पूर्ण नाव आहे.